लाल दोरी, निळी दोरी

टीव्हीवरच्या सहा चौकटींत सहा पुढारी एकदमच तावातावाने बोलायला लागले. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. पाटीबाईंनी वैतागून टीव्ही बंद केला, कपाटातून जुनी दोन स्टॉपवॉच काढून पिशवीत टाकली आणि पायात चप्पल सरकवली. आठ वर्षं टाळलेलं काम आज उरकायचंच होतं.

त्यांच्या वेळी टीव्हीवरच्या निवडणुकीच्या वादाला दोनच उमेदवार असत, दोन-दोन मिनिटांची पाळी असे, आणि कॅमेऱ्याखाली स्टुलावर या बसलेल्या. गळ्यात दोन घड्याळं, लाल दोरीचं एकाचं, निळ्या दोरीचं दुसऱ्याचं. मांडीवर दोन पाट्या. पिवळी दिसली की अर्धं मिनिट उरलं, लाल दिसली की तोंड मिटायचं. भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. मध्येच कुणी तोंड घातलं, तर बोलणाऱ्याचं घड्याळ थांबवायचं आणि घुसणाऱ्याचं सुरू करायचं, हा बाईंचा स्वतःचा नियम. "आज फार कडक होतात, पाटीबाई," असं जाताजाता पुढारी चिडवायचे. बाईंना ते मनातून फार आवडायचं.

चूक झाली ती एकदाच. मास्तर आणि वकील समोरासमोर होते. मास्तरांच्या पाळीत वकील मध्येच अकरा सेकंद बोलले. बाईंनी निळं घड्याळ सुरू केलं, पण लाल थांबवायचं विसरल्या. शेवटी मास्तर "आणि एक गोष्ट सांगायचीय, ती अशी की..." म्हणून थबकले, तोच लाल पाटी वर गेली. मास्तर मुकाट्याने खाली बसले. नंतर बाईंनी दोन्ही घड्याळांची बेरीज भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली, तर अकरा सेकंद जास्त. निवडणुकीत मास्तर थोडक्यात पडले. बाईंनी हे कुणालाच सांगितलं नाही.

बाई मास्तरांच्या घरी पोचल्या, तेव्हा ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. फार वाळले होते. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. "तुमचे अकरा सेकंद मी खाल्ले, मास्तर. माफ करा."

मास्तर हसले. "माझ्याही मनगटावर घड्याळ होतं की."

"मग हरकत का नाही घेतलीत?"

"वकील माणूस म्हणून सच्चा आहे, एवढंच सांगायचं होतं. पण पक्षाची माणसं समोर बसलेली. जीभ अडली. तुमची पाटी दिसली आणि सुटलो म्हटलं. गेल्या वर्षी वारला तो. त्याला कधी कळलंच नाही."

आठ वर्षांचं ओझं उतरलं, तरी बाईंना हलकं वाटेना. त्यांनी पिशवीतून दोन्ही घड्याळं काढून गळ्यात घातली आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"अकरा सेकंद आहेत. बोला," त्या म्हणाल्या आणि लाल दोरीचं घड्याळ सुरू केलं.

मास्तरांनी सदऱ्याची कॉलर नीट केली आणि रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. "वकीलसाहेब, तुम्ही सच्चे आहात. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"अजून पाच उरले," बाई म्हणाल्या.

"राहू द्या. आता त्याची पाळी."

बाईंनी लाल दोरीचं घड्याळ थांबवलं आणि निळ्या दोरीचं सुरू केलं.