पिटा म्हणजे पिशवी

जावयाने चणे शिजवले आहेत, हे मालकीणबाईंना झाकण उचलण्याआधीच वासावरून कळलं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, ऑपरेशन झालेला गुडघा सरळ केला आणि ऐटीत बसल्या. आता मजा येणार होती.

बावीस वर्षं त्यांनी बाजारात फलाफलचा, म्हणजे पोकळ पिटा रोटीत भरलेल्या चण्याच्या तळलेल्या गोळ्यांचा, स्टॉल चालवला होता. गुडघ्यापायी तो चार महिने बंद होता आणि किल्ली अजून त्यांच्या कमरेला होती. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा मागत होता, त्याला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मधेच हे जावईबापू उपटले. नकाशे काढण्याच्या त्यांच्या ऑफिसला टाळं लागलं होतं, दहा ठिकाणी अर्ज करून चपला झिजल्या होत्या, आणि आता स्वारीला फलाफल करायचं होतं. मालकीणबाई मनातल्या मनात त्यांना फूटपट्टी म्हणत. मुलीने फारच गळ घातली, तेव्हा त्या म्हणाल्या, "शनिवारी तुमच्या घरी येते. एक सँडविच करून दाखवा. पांढऱ्या शर्टात."

पांढऱ्या शर्टाची परीक्षा स्टॉलवर कामाला येणाऱ्या प्रत्येकाने दिली होती. स्वतः भरलेला पिटा स्वतःच खायचा, तोही चालत चालत, कारण गिऱ्हाईक बसस्टॉपकडे पळतानाच खातं. शर्टावर डाग पडला की घरचा रस्ता धरायचा.

फूटपट्टीने लसूण काट्यावर तोलला, काकडीचे तुकडे एकाच मापाचे कापले. मग वाटलेल्या चण्यांचा पहिला गोळा तेलात सोडला. गोळा फुगला, फुटला आणि दिसेनासा झाला. दुसराही त्याच वाटेने गेला. कढईत नुसता गाळ.

"चणे शिजवलेत वाटतं?"

"हो आई. मऊ व्हावेत म्हणून."

"बिनदातांच्या लोकांसाठी दुकान काढताय का?"

मुलगी ओट्याशी उभी होती. तिने आईकडे रोखून पाहिलं, पण मालकीणबाईंना असल्या नजरांची सवय होती. जावयाने मुकाट्याने वाटणात मूठभर पीठ मिसळलं आणि पुन्हा तळायला घेतलं. या खेपेला गोळे निदान टिकले. वास मात्र शाळेच्या डब्यासारखा येत होता.

मग त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पुढे ओढलं. "आई, पिटे मी घरीच..."

"राहू दे! पिटा म्हणजे पिशवी. पिशवी कुठलीही चालते. ते दुकानातलं पाकीट फोडा."

हे वाक्य त्या बावीस वर्षं म्हणत आल्या होत्या. स्टॉलच्या मागे भट्टीशी त्यांचे यजमान पिटे भाजायचे, आणि पुढे त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, खरी कला या हातात आहे, मागे काय, नुसत्या पिशव्या शिवतात. गिऱ्हाइकं हसायची. यजमान पुढचा पिटा भट्टीत सारायचे. आत्ता ते बायकोबरोबर येऊन हॉलमध्ये पेपर तोंडासमोर धरून बसले होते, आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

जावयाने पाकिटातला पिटा कापला. तळाला सगळे गोळे, वर सगळी काकडी, त्यावर सगळा तिळाचा सॉस. कपाटात कपड्यांच्या घड्या ठेवाव्यात तसं. हॉल ओलांडून दारापर्यंत जायचं आणि परत यायचं होतं. तिसऱ्या घासाला पिटा खालून फाटला, सॉस कोपरापर्यंत ओघळला आणि शर्टाच्या खिशावर येऊन थांबला.

मालकीणबाईंना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"काढा तो शर्ट. नकाशांतच मन रमवा जावईबापू. सोमवारी कव्हरवाल्याला कळवते मी."

जावयाचा चेहरा पडला. मुलीचा मात्र तोल गेला. "नावं ठेवायला काय लागतं? तू करून दाखव ना!"

"दाखवते. लागला तर म्हणून बाबांचा पांढरा शर्ट आणलाय, तो दे."

शर्ट अंगावरच्या कपड्यांवर चढवून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि पाकिटातला दुसरा पिटा घेतला. आधी बोटभर सॉस आतून फिरवला. एक गोळा अर्धवट चुरडून तळाशी दाबला, त्यावर काकडी, पुन्हा गोळा, पुन्हा सॉस, म्हणजे प्रत्येक घासात सगळं यावं. "गोळे तुमचेच भिकार वापरतेय," त्या म्हणाल्या, "तरी बघा." हात असा चालत होता की जावई बघतच राहिले.

मालकीणबाई निघाल्या. चार घास झकास गेले. दाराशी वळल्या, पाचवा घास घेतला आणि पिटा तळातून उलला. सॉस शर्टाच्या मधोमध पडला, मागोमाग चुरडलेला गोळा.

कुणीच हसलं नाही, ते जास्त झोंबलं.

पेपरमागून आवाज आला, "पिशवी फुटली वाटतं."

मालकीणबाईंच्या कानशिलांची आग आग झाली. बावीस वर्षांत यजमानांशिवाय दुसऱ्या कुणाचा पिटा हातात धरायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. त्या आत गेल्या आणि ते फडकं सोडलं. आत सहा पिटे होते. एक उचलून त्यांनी बोटांत दाबला. तळ जाड, कडा मऊ, पोट पुरतं सुटलेलं. हा हात त्या डोळे मिटून ओळखत होत्या.

"कुणी शिकवलं?"

"बाबांनी," जावई म्हणाले. "दर रविवारी, इथे येऊन. चणेही विचारले होते, पण ते म्हणाले, तो विभाग तुमचा."

"मला का नाही विचारलंत?"

जावयाची नजर शर्टाच्या खिशावरच्या डागावर गेली.

मालकीणबाईंनी तेच भिकार गोळे त्या पिट्यात भरले आणि त्याच डागाळलेल्या शर्टात पुन्हा चालू लागल्या. दारापर्यंत आणि परत. शेवटचा घास तोंडात गेला तेव्हा बोटंसुद्धा कोरडी होती. रडू येतंय की राग, ते त्यांचं त्यांना कळेना, म्हणून त्या ओरडल्या.

"फलाफल थर्ड क्लास आहे! चणे भिजवायचे, कच्चेच वाटायचे. सोमवारी पहाटे पाचला स्टॉलवर या. कव्हरवाल्याला नाही म्हणून सांगते."

जावई मान हलवत राहिले, मुलीने तोंडाला पदर लावला.

मालकीणबाई कमरेची किल्ली सोडत हॉलमध्ये आल्या. बावीस वर्षांत ती त्यांनी कुणाच्या हाती दिली नव्हती. ती त्यांनी यजमानांच्या पेपरवर ठेवली.

"भट्टी तुम्हीच पेटवा," त्या म्हणाल्या. "जावईबापूंना काय येतंय."

यजमानांनी किल्लीकडे पाहिलं, मग बायकोच्या अंगावरच्या शर्टाकडे, आणि पेपर पुन्हा वर धरला.

"आधी शर्ट धुवून दे," ते म्हणाले.