बीजगणिताच्या पेपरचा लेखनिक

माझ्या मुलाच्या फाइलमध्ये तीन नावं आहेत: ऑटिझम, एडीएचडी, डिसग्राफिया. माझ्या थोरल्या जाऊबाई, कुंदावहिनी, या तिन्हींना ‘मार्कांची सोय’ म्हणतात. मुलुंडला आमच्या समोरच्याच घरात राहतात, त्यामुळे असली मुक्ताफळं मला रोज ऐकायला मिळतात.

मुकुल आठवीत बारावीची गणितं तोंडी सोडवायचा. पेन हातात दिलं की मात्र दोन ओळींत घामाघूम. म्हणून दहावीला बोर्डाने लेखनिक मंजूर केला. तो खालच्या इयत्तेतला लागतो आणि आपणच शोधायचा असतो. वहिनींची जान्हवी नववीत होती. मी नाक मुठीत धरून विचारलं, त्या हो म्हणाल्या.

बीजगणिताच्या पेपरला निघताना मी त्यांची बेल वाजवली.

“जान्हवीला ताप आहे,” वहिनी म्हणाल्या. मागे जान्हवी पोहे खात होती.

“वहिनी, ऐनवेळी मी दुसरं कोण आणू?”

“एवढा हुशार आहे ना, मग लिहू दे की स्वतः. माझ्या पोरीच्या हाताने कशाला मार्क घ्यायचे? आणि वर सराव परीक्षेत सगळ्यांसमोर तिला म्हणतो, तुला भागाकार येत नाही.”

“येत नाही तिला,” माझ्या मागून मुकुल म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही. हे कुठल्या डॉक्टरने फाइलमध्ये लिहिलेलं नाही.

तो एकटा बसला. पायऱ्या लिहिणं हाताला जमेना, म्हणून नुसती उत्तरं लिहून आला. सगळी बरोबर. चाळीसपैकी सतरा मिळाले आणि गणितासाठी त्याला हवं होतं ते कॉलेज हातचं गेलं.

“पास झाला ना? मग झालं तर,” वहिनी जिन्यात म्हणाल्या. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

जूनमध्ये त्याच वहिनी माझ्या दारात, जान्हवीला पुढे करून.

“अस्मिता, हिचं दहावीचं वर्ष आहे गं. मुकुल गणित शिकवेल ना हिला?”

“त्याला वेळ नाही.”

“आहे,” आतून मुकुल म्हणाला. “चार ते सहा.”

जान्हवी खाली बघत म्हणाली, “दादा, तेव्हा मला ताप नव्हता.”

“माहितेय. तू पोहे खात होतीस. ये, भागाकारापासून सुरू करू.”

ती आत गेली. वहिनीही चपला काढू लागल्या. मी दार लावून घेतलं.