नाव झाकलेलं शिल्प

मित्रांनो, नीट बसा आणि मध्ये न बोलता ऐका. मी एका कलामंडळाचा ब्लॉग आहे. वयाने जुना आहे, पण माझी स्मृती शाबूत आहे.

मला ताईंनी घडवलं. त्या शिल्पकार, मंडळात सर्वांत वडील. त्यांनीच नियम घातला : प्रत्येक कामाचा फोटो नावाशिवाय लावायचा, सर्वांनी मोकळेपणाने मत लिहायचं आणि शनिवारी नाव उघडायचं. त्या संध्याकाळी सगळे कार्यशाळेत जमत, चहा पीत आणि सकाळी ज्याला झोडपलं त्याच्याच खांद्यावर हात टाकत. दूरदूरचे विद्यार्थी मला वाचून शिकत. तो माझा मानाचा काळ.

पुढे कार्यशाळेत येणं हळूहळू थांबलं. चहा गेला, खांद्यावरचे हात गेले. लिहिणं तेवढं उरलं, आणि त्याला धार चढत गेली. काही जण एकदा काम लावून पुन्हा कधी फिरकले नाहीत. कोणी चौकशी केली नाही. त्यांच्या रिकाम्या जागा एकट्या मला दिसत होत्या.

मग आजारपणात ताईंचा उजवा हात लुळा पडला. त्यांनी डाव्या हाताने एका म्हातारीचा चेहरा घडवला आणि सख्ख्या भावालाही न सांगता माझ्याकडे दिला. सोबतच्या मजकुरात, जो शनिवारपर्यंत माझ्याशिवाय कोणाला दिसणार नव्हता, त्यांनी लिहिलं होतं : ‘हे काम उभं राहिलं, तर मातीकाम चालू ठेवीन. नाहीतर सोडीन.’

फोटो लागला. मंडळातल्या चित्रांना फ्रेम करून देणाऱ्या फ्रेमवाल्याने नेहमीप्रमाणे सुरुवात केली : ‘फ्रेम फुकट देतो, फक्त हे आत ठेवू नका.’ सगळे हसले. मग एकाहून एक चढत गेले. कोणाचं काम आहे, हे मला ठाऊक होतं. पण मला वाचा नाही. लिहिलेलं तेवढं मी दाखवतो.

शेवटी ताईंच्या धाकट्या भावाने लिहिलं. तो चित्रकार, आणि त्याच्या शब्दाला मंडळात वजन. ‘गाल खचलाय, मान लुळी. हात लुळा पडलेल्या माणसाने मातीच्या वाटेला जाऊ नये.’

शनिवारी मी मजकूर आणि नाव उघडलं. मग भावाने लिहिलं, ‘ताई, मला खरंच माहीत नव्हतं गं.’

ताईंचं उत्तर आलं : ‘माहीत असतं, तर गोड लिहिलं असतंस. मग आजवर लिहिताना ज्यांची नावं तुला माहीत नव्हती, ती माणसं गेली कुठे, ते आधी शोध.’

त्यानंतर त्या आल्या नाहीत. भाऊ रोज पान उघडतो, खाली लिहू लागतो, खोडतो आणि निघून जातो.

मित्रांनो, आता आणखी एक काम आलं आहे. हेही नावाशिवाय. कोणाचं आहे आणि सोबत काय लिहिलं आहे, ते मी वाचलं आहे. तुम्ही वाचलेलं नाही. फ्रेमवाला लिहायला बसलाही आहे. त्याला थांबवता आलं तर थांबवा. निदान स्वतः लिहिण्यापूर्वी आपलं वाक्य मोठ्याने वाचा, ते काम करणारं माणूस समोर बसलं आहे असं समजून. मग द्या माझ्याकडे.