आजारी सरपंच

आमच्या लेकीचं, सपनाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे सत्त्याण्णवला, पंधरा ऑगस्टच्या सकाळी ग्रामसेवक आमच्या दारात येऊन उभा राहिला. माझी बायको पद्माबाई राखीव जागेवर सरपंच झाली होती. झेंडा तिच्या हातून चढायचा होता. पांढरं लुगडं नेसून ती तयार होती.

"बाई, तुमची तब्येत बिघडली म्हणं," तो म्हणाला.

"कोण म्हणून राहिलं?"

त्यानं कागद पुढे केला. पद्मा साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली होती. बोट ठेवून तिनं एकेक शब्द वाचला. सरपंचबाई आजारी आहेत, झेंडा उपसरपंच किशनराव चढवतील. खाली माझा अंगठा.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण कागदात काय आहे ते ठाऊक होतं. मी किशनरावांचा सालगडी. आदल्या दिवशी गोठ्यात ते म्हणाले होते, "भिवा, बायकोला समजाव. न्हाई तर पाडव्याला दुसरा गडी पाहतो." तिला समजावायची हिंमत नव्हती. मी अंगठा दिला.

"काहून केलं?" पद्मानं विचारलं.

"साल गेलं असतं माझं."

"साल तुमचं. सरपंचकी माही हाय." मग ती ग्रामसेवकाला म्हणाली, "चला भाऊ, आजारी माणूस चालत येऊन राहिलं."

मी मागून गेलो. शाळेत पोचेपर्यंत झेंडा वर गेला होता. तिनं लेकरांच्या मागं उभं राहून सलामी दिली. किशनरावांनी माझ्या हातात बुंदीचा पुडा ठेवला.

"सरपंचीणबाईला दे. तोंडाला चव येईल."

लोक हसले. मीही हसलो.

नंतर ती वस्तीतल्या बायांना घेऊन वसमतच्या तहसीलला सात खेपा गेली. दर खेपेला दिवसाची मजुरी बुडायची. मला चल म्हणाली नाही. सव्वीस जानेवारीला तहसीलचे साहेब स्वतः आले आणि दोरी तिच्या हातात आली. मी तेव्हा किशनरावांच्या गोठ्यात शेण काढत होतो. शाळेतलं जन गण मन ऐकू आलं. मी घमेलं खाली ठेवलं नाही.

त्यानंतर आमच्या गावात झेंड्याचा वाद झाला नाही. तिच्यानंतर वस्तीतल्या थावराची सून सरपंच झाली, तिला कोणी आजारी पाडलं नाही.

मी साठीत अक्षरं शिकलो, पद्माकडूनच. त्या कागदाचा विषय तिनं कधी काढला नाही. माझ्या तोंडाशी यायचा. उद्या बोलू म्हणून मी पाटी पुसायचो.

पद्माबाई अकरा मार्च दोन हजार सहाला काविळीनं वारली.