बटर पेपरचा दिवा

आधी दिवा नव्हता.

नाही, होता. दारापाशी, भिंतीवर. मी खिडकीपाशी रफू करायला बसले की तो पाठीमागे यायचा आणि माझीच सावली माझ्या हातांवर पडायची. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, म्हणजे दिवसाही तेच. टेबल फिरवावं तर पलंग मध्ये येतो. पलंग फिरवावा तर कपाट उघडत नाही.

लाँड्रीवाल्याने दोन कोट परत पाठवले. "ताई, उन्हात नेलं की रफू केलेलं कळतं. तिसरा परत आला तर मला दुसरं कुणी बघावं लागेल." हे त्याने फार गोड आवाजात सांगितलं. म्हणून जास्त लागलं.

छताला भोक पाडायचं नाही, ही घरमालकाची अट. दुकानातला दिवा घ्यायचा नाही, ही आमच्या खिशाची. तेव्हा नवरा म्हणाला, "मी करतो."

गोष्ट इथे थांबवता आली असती.

पण तो फोटो स्टुडिओत काम करतो. वीस वर्षं लोकांवर प्रकाश पाडतोय. मला वाटलं, घरातच जाणकार माणूस आहे, बाहेर कशाला शोधायचं.

सामान, हाताला लागलं तसं: होल्डर, बल्ब, मोडक्या इस्त्रीची वायर, पिठाची चाळणी.

"माझी चाळणी," सासूबाई म्हणाल्या.

"आई, जाळी फाटलीय तिची."

"फाटली तरी माझीच ना."

फाटक्या जाळीतून होल्डर घालून चाळणी पडद्याच्या दांडीला टांगली. दांडी वाकली. चिकटणारा हुक भिंतीला लावला. हुक पडला, पडताना रंगाचा पोपडा घेऊन पडला. शेवटी लादी पुसायचा दांडा टेबलाच्या पायाला सुतळीने बांधला आणि त्याच्या टोकाला चाळणी.

"आता लादी काय फुंकून पुसायची?" हे अर्थात सासूबाई.

मग त्याने चाळणीच्या तोंडावर बटर पेपर ताणला. दोन पदरी. "उघडा बल्ब डोळ्यांना टोचतो," म्हणाला. माझा हात धरून दिव्याखाली नेला. "बघ. शिरासुद्धा दिसत नाहीत."

मी खूश झाले. हे लिहून ठेवते, कारण नंतर मी फक्त त्याला बोलले.

तिसरा कोट करडा, कोपराशी कसरीने खाल्लेला. आतल्या दुमडीतून धागे उपसले, चार तास एकेक धागा वर-खाली ओवला. संपलं तेव्हा भोक कुठे होतं ते मलाच सापडेना. नवऱ्यालाही सापडेना. सासूबाईंनी चष्मा लावला आणि ठामपणे एका बटणावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीवाला स्वतः आला. कोट जिन्यातल्या उन्हात धरला. मी दारातूनच पाहिलं. कोपरावर पित्ताची गांध उठल्यासारखा फुगवटा.

"उद्या दुपारी गिऱ्हाईक येतंय," तो म्हणाला. "तोवर कोट इथे ठेवतो. मग मात्र ताई, माझाही नाइलाज."

संध्याकाळी नवरा आला. कोट दाखवला. तो कोटाकडे पाहीना, दिव्याकडेच पाहत राहिला.

"आमच्याकडे माणूस येतो तो सुरकुत्या घालवायला येतो. त्यामुळे मी..."

"त्यामुळे तू माझ्या कामाच्याही घालवल्यास."

"मऊ प्रकाश चांगला असतो गं."

"चेहऱ्याला. मला चूक दिसायला हवी, रे. लपायला नको."

मी बटर पेपर फाडला.

"डोळ्यांना टोचेल."

"टोचू दे."

चाळणी तिरकी केली. दांडा इतका खाली घेतला की उजेड कापडावरून आडवा सरकला. एकेका धाग्याला स्वतःची सावली आली. फुगवटा दिसला. तो का आलाय तेही दिसलं: सगळे धागे मी जास्तच ओढले होते. माझ्या बोटांवरची कोरडी सालं दिसली, नवऱ्याची पांढरी दाढी दिसली.

"हे टेबल केवढं मळलंय," सासूबाई म्हणाल्या.

मी उसवायला घेतलं. चार तासांचं काम दहा मिनिटांत निघालं. पहिला नवा धागा सुईत ओवला आणि सुतळी सुटली. दांडा घसरला, माझी सावली पुन्हा हातांवर.

नवऱ्याने दांडा धरला. पुन्हा बांधायला सुतळीचा तुकडा पुरत नव्हता.

"किती वेळ लागेल?"

मी धागे मोजत होते.

"हलू नकोस," मी म्हणाले.