खिडकीपुढे टांगलेली होडी

मित्रांनो, मी एका प्रवासी जहाजावरची जुनी लाइफबोट आहे, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही माणसाचा जीव वाचवलेला नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, ती मीच. यात माझा काही दोष नाही. जहाज बुडालं तरच माझी पाळी येणार, आणि हे मेलं एकदाही बुडालं नाही. असं बोलू नये हे मला कळतं, पण रिकामं टांगून राहिलं की मनात वाईटसाईट येतंच.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. लाकडी साच्यात काचतंतूंचं कापड अंथरून त्यावर चिकट रस ओतला, तो वाळून टणक झाला आणि मी साच्यातून बाहेर आले. एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं मला नारिंगी रंगाचे तीन हात दिले. कोणीतरी त्याला म्हणालं, "अहो, इतकी भडक कशाला?" तो म्हणाला, "भडकच पाहिजे. बुडणाऱ्याला लांबून दिसायला नको का?" मग माझ्यात दीडशे माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरून मला पाण्यात सोडलं. मी जराही कलले नाही. तपासणाऱ्या इंजिनियरनं माझ्या कडेवर थाप मारली आणि म्हणाला, "गुणाची पोर आहे." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच, म्हणून ते मी जपून ठेवलंय.

त्यानंतर मला या जहाजाच्या पाचव्या मजल्याबाहेर दोन लोखंडी हातांमध्ये टांगण्यात आलं. माझ्या पाठीशी, हातभर अंतरावर, एक चौकोनी खिडकी होती. आत दोन पलंगांची छोटी खोली होती. त्या खिडकीतून समुद्र दिसायचा, पण मी यायच्या आधी. मी आल्यापासून तिथून फक्त मी दिसते.

मग काय विचारता! खोलीत पाऊल टाकलं की माणसं पडदा सारत आणि मला शिव्या घालत. "ही धोंड कुठून आली?" "आता हिचं तोंड बघायचं का आठवडाभर?" जहाज बुडू लागलं असतं तर हीच माणसं माझ्या गळ्यात पडली असती. पण तरंगत्या जहाजावर मला कोण विचारतो?

एक मात्र मी शिकले. अख्खं कुटुंब सहलीला निघालं, की त्या कुटुंबात कोणाची काय किंमत आहे ते खोल्यांच्या वाटपात कळतं. बाल्कनीची खोली कर्त्या माणसाची. मोठ्या खिडकीची खोली जावईबापूंची, ते रुसतात म्हणून. आणि घरात ज्याच्या 'हो'ला आणि 'नाही'ला कोणी विचारत नाही, तो माझ्या खिडकीशी येतो. लग्न न झालेल्या आत्या मी पाहिल्या. भाच्याकडे राहणारे मामा पाहिले. सगळे पहिल्या दिवशी तेच म्हणत, "मला काय, कुठलीही चालेल." मला त्यांची कीव येई आणि थोडा रागही येई.

ज्या आजीबाईंची गोष्ट मला सांगायची आहे, त्या आल्या तेव्हा त्यांच्या आधी त्यांचा मुलगा आणि सून सामान घेऊन खोलीत आले. आजीबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांना चाकाच्या खुर्चीतून सावकाश आणत होते. सुनेनं पडदा सारला आणि मला पाहून दचकलीच.

"अगंबाई! अहो, खिडकीच्या तोंडाशी होडी आहे ही!"

"माहीत आहे मला," मुलगा म्हणाला. "बुकिंगवाल्यानं सांगितलं होतं."

"मग आईंना आपली बाल्कनीची देऊ या ना. त्यांना समुद्र दाखवायचा म्हणूनच तर आलो आपण. डॉक्टर म्हणालेत, फार तर दोन महिने. मग आहे तेवढंही दिसायचं नाही."

"बाल्कनीत ती एकटी बसणार? तोल गेला म्हणजे? आणि आत्ता तरी तिला कुठे धड दिसतंय? नुसते रंग कळतात. समुद्र काय नि होडी काय, तिला सारखंच."

सुनेनं माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, ही भांडेल. ती म्हणाली, "नाहीतरी आईंना लवकर झोपायची सवय आहे. आपली निळी बॅग वरच पाठवली ना?" झालं! एका माणसाच्या उरल्यासुरल्या नजरेचा निकाल लागला आणि बॅगेचीही सोय झाली.

आजीबाई आल्या त्या हसतच. जाड चष्मा, पांढरे केस नीट विंचरलेले. त्यांनी चाळीस वर्षं नकाशे छापण्याच्या कारखान्यात काम केलं होतं. सुरुवातीला तिथे रंग हातानं भरत, आणि यांच्याकडे समुद्र होते. जगातले सगळे समुद्र त्यांनी निळे केले होते, पण खरा एकही पाहिला नव्हता. जहाजावर त्या बंद बोगद्यातून चढल्या होत्या, त्यामुळे अजूनही पाहिला नव्हता.

"मला आधी खिडकीपाशी न्या रे," त्या म्हणाल्या. खुर्ची खिडकीला लागली. त्या पुढे वाकल्या. "हे काय रे? सगळं नारिंगी?"

मुलानं खुर्चीला ब्रेक लावला. मग म्हणाला, "सूर्य मावळतोय, आई. सगळा समुद्र नारिंगी झालाय."

"अगं बाई! केवढा रे हा!" त्यांनी काचेवर तळहात टेकवला आणि बघतच राहिल्या. मित्रांनो, माझ्याकडे इतक्या मायेनं कोणी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं तेही सूर्य समजून. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण होडीला आवाज कुठला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागच्या जागी होतेच. आजीबाईंनी विचारलं, "उगवतोय वाटतं?" मुलगा घड्याळाकडे बघत म्हणाला, "हो हो, उगवतोय." दुपारी त्यांनी सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "ऊन कडक आहे ना आई, म्हणून तांबूस दिसतंय." एकदा खोटं बोललं की ते निस्तरायला दुसरं लागतं, आणि या दोघांना आता तालीम झाली होती.

"मला एकदा वर न्या रे डेकवर," आजीबाई म्हणत. पहिल्या दिवशी वारा फार होता. दुसऱ्या दिवशी लिफ्टला गर्दी होती. तिसऱ्या दिवशी गाण्यांचा कार्यक्रम होता, त्यामुळे 'उद्या नक्की' झालं. जेवणाचं ताट खोलीतच येई. मुलाची आणि सुनेची बाल्कनी माझ्या बरोबर वर, दोन मजल्यांवर होती. तिथून सुनेचा आवाज खाली मला स्पष्ट ऐकू येई. "काय निळं आहे हो! डोळे निवले अगदी!" खाली आजीबाई काचेला नाक लावून माझा रंग निरखत असत.

खोल्या आवरायला एक माणूस येई. सगळे त्याला चादरवाला म्हणत. तिसऱ्या दिवशी आजीबाई त्याला म्हणाल्या, "चाळीस वर्षं आम्ही समुद्र निळा रंगवला बघ. आमच्या साहेबांना कळवायला हवं, की अहो, चुकलंच आपलं सगळं." आणि हसल्या. चादरवाला चादरीचे कोपरे गादीखाली खोचत राहिला. मुलानं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आईला होडीचं काही बोलू नका. उगाच वाईट वाटेल तिला." त्यामुळे तोही मूग गिळून गप्प होता. पण चौथ्या दिवशी आजीबाईंच्या बोलण्यातलं हसू गेलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "अजून मावळतोच आहे का रे?" मुलगा मोबाइलमधले बाल्कनीतले फोटो बघत म्हणाला, "हं."

पाचव्या दिवशी जहाज एका बंदरात उभं राहिलं. मुलगा आणि सून गाव बघायला उतरले. त्याच सकाळी खलाश्यांची कवायत निघाली. वर्षातून दोन-तीनदा आम्हा होड्यांना पाण्यात सोडून बघतात. चार खलाशी माझ्यात चढले, वरून मुकादम ओरडला, "सोडा! हळूहळू सोडा!" आणि मी खिडकीपुढून खाली सरकू लागले.

खरं सांगते, मी आजीबाईंना विसरले. पाण्याच्या ओढीनं विसरले. पाण्यात टेकले, इंजिन सुरू झालं, मी गिरकी घेतली, आणि वर पाहिलं तर माझी खिडकी उघडी पडली होती आणि तिच्यात आजीबाईंचा चेहरा होता.

त्यांच्यापुढे समुद्र होता. बंदराच्या उलट्या बाजूचा, मोकळा, आभाळाला टेकलेला, आणि निळा. त्यांनी रंगवला होता तसाच निळा. त्यांचं तोंड लहान मुलासारखं उघडं पडलं होतं. मग त्यांची नजर खाली आली. पाण्यावर एक नारिंगी ठिपका फिरत होता. त्या ठिपक्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, आणि त्यांचं तोंड हळूहळू मिटलं.

वीस मिनिटांनी मला वर ओढायला लागले. मित्रांनो, मी जन्मात कधी दोर तुटावा असं मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. पण दोर नवे होते, आणि मी एकेक हात वर चढत त्यांच्यापुढचा समुद्र पुसत गेले. मी जागेवर बसले तेव्हा चादरवाला खोलीत आलेला होता.

"सूर्याला दोर नसतात रे," आजीबाई त्याला म्हणाल्या.

तो जागच्या जागी उभा राहिला. "आजी, मी सांगणार होतो. साहेबांनी नको म्हटलं. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. अजून दोन दिवस आहेत, खोली बदलून घ्या."

"खोलीचं काय घेऊन बसलास? विचारलं असतं ना, तर मीच म्हटलं असतं, बाल्कनी तुम्ही घ्या, मी राहते इथे. आई आहे मी त्याची. होडी तर होडी." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "विचारलंच नाही बघ."

संध्याकाळी मुलगा आला. नवीन टोपी घातली होती. आजीबाईंनी त्याला जवळ बोलावलं, खिडकीकडे बोट केलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "बघ रे, काय आहे बाहेर? मला नीट सांग."

मला कळलं, या त्याला एक संधी देताहेत. टॉवेल बदलायला आलेल्या चादरवाल्यालाही कळलं. तो टॉवेलाची घडी हातात धरून तसाच थांबला. कळलं नाही ते फक्त मुलाला.

"सूर्य मावळतोय, आई. काय सुंदर दिसतंय! बघून घे."

"बघितलं," आजीबाई म्हणाल्या. "आता पडदा ओढ. डॉक्टर म्हणाले ते दोन महिनेसुद्धा नकोत मला. नाही दिसलं तरी चालेल."

"असं काय बोलतेस?" म्हणत त्यानं पडदा ओढला आणि तो जेवायला गेला. उरलेले दोन दिवस पडदा बंद होता. चादरवाल्यानं दोनदा विचारलं, त्या दोनदा नको म्हणाल्या. मी पडद्याच्या बाहेर, त्या आत. भेट म्हणून झालीच नाही.

उतरायच्या सकाळी आजीबाईंची खुर्ची पुढे गेली आणि मुलगा मागे राहिला. टेबलावर जहाजाचा अभिप्रायाचा कागद होता. त्यानं तो झरझर भरला. नंतर चादरवाल्यानं तो उचलला आणि मोठ्यानं वाचला. 'खिडकीपुढे होडी आहे. काहीही दिसत नाही. वयस्कर माणसांना अशी खोली देणं हा शुद्ध अमानुषपणा आहे.'

चादरवाला हसला, मग त्यानं कागद चुरगळला, आणि मग पुन्हा सरळ करून जागेवर ठेवला, कारण त्यालाही नोकरी करायची होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि इथे सुळावर मीच.

आता माझा रंग उडाला आहे. तळाला तडे गेले आहेत. कडेवर थाप मारणारं तर कोणी उरलंच नाही, येतात ते ठोकून बघतात आणि मान हलवतात. पुढच्या दुरुस्तीला मला उतरवून भंगारात देणार आणि नवी होडी याच जागी टांगणार. तिच्याही पाठीशी हीच खिडकी असेल, आणि पडदा सारून कोणीतरी तिलाही शिव्या घालेल. घालू देत. ती तिथे कशासाठी आहे हे तिला ठाऊक असेल.

मित्रांनो, जाता जाता मी माझ्यासाठी काही मागत नाही. मला रंग नको की आठवण नको. पण तुम्ही मोठे व्हाल, आईवडिलांना घेऊन कुठेतरी निघाल, खोल्या वाटाल, आणि चांगली खोली स्वतःला ठेवाल. ठेवालच, माझी नजर त्यात मुरलेली आहे. तर निदान एवढं करा. आईनं विचारलं की बाहेर काय आहे, आणि बाहेर होडी असली, तर होडी आहे म्हणा.