उजवा बूट

बुटांची जोडी काढायची असली की चित्रकार सहसा एकच बूट काढतात. डावा मन लावून काढायचा, कॉम्प्युटरवर त्याची नक्कल करायची, ती आडवी उलटवायची, की झाला उजवा तयार. यात कुणाला चोरी वाटत नाही. माणसाच्या दोन पायांत असा फरक तो काय असणार? तिनेही वीस वर्षं हेच केलं होतं आणि एकदाही ती पकडली गेली नव्हती.

या खेपेचं काम मात्र मानाचं होतं. एका जुन्या कंपनीच्या कॅनव्हासच्या बुटाला पन्नास वर्षं होत होती. पांढरा बूट, बाजूला दोन निळे पट्टे, रबरी तळ. बारा चित्रकारांनी त्यावर एकेक चित्र करायचं आणि कंपनी त्यांचं प्रदर्शन भरवणार. कुणी बुटाचं जहाज केलं, कुणी शहर वसवलं, एका पठ्ठ्याने तर बुटात झाड लावलं. तिने आठवडाभर जगभरातले फोटो धुंडाळले आणि मग कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाबा जन्मभर हाच बूट घालत आले होते. त्यांची शेवटची जोडी अजून आईच्या दाराशी होती.

बाबा लिफ्टमन होते. लहानपणीच्या तापात उजवा पाय अधू झालेला, तो ओढत चालायचे. “दिवसाला शंभर मजले चढतो, पण पायाला पत्ता लागू देत नाही,” असं म्हणून स्वतःच हसायचे. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते. आई रोज सकाळी ते बूट उचलून खालची फरशी पुसायची आणि पुन्हा तिथेच, तसेच ठेवायची.

“दोन दिवसांत परत आण,” बूट पिशवीत घालताना आईने बजावलं. “आणि काही झालं तरी धुऊ नकोस.”

वासासाठी म्हणत असेल, असं तिला वाटलं.

तिने डावा टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्यासमोरून उठली नाही. पिवळं पडलेलं रबर, दबलेली टाच, लेसची ती दुहेरी गाठ, सगळं जसंच्या तसं उतरलं. उजवा पिशवीतच राहिला. वेळ नव्हता हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. शाळेत असताना ती बाबांच्या पुढे दहा पावलं चालायची, मैत्रिणींना वाटावं की हा माणूस आपला कुणी नाही. तो पाय तिला तेव्हाही बघवायचा नाही. तिने डावा उलटवला, जोडी पूर्ण केली आणि पाठवून दिली. प्रदर्शनाचे संयोजक खूश झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र छपाईला जाणार होतं.

बूट परत करायला जाताना तिने चित्राचा एक कागदही नेला. आईने चष्मा लावला, कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग डाव्या बुटावर बोट ठेवलं.

“हा त्यांचा.” बोट उजव्यावर गेलं. “हा कुणाचा गं?”

“म्हणजे?”

“हा धडधाकट पाय कुणाचा?”

“अगं, चित्रात असंच करतात. एक काढायचा आणि उलटा करायचा.”

“करत असतील,” आई म्हणाली. “मी काय चित्रकार आहे? मी आपली बायको त्यांची.”

तिने पिशवीतून उजवा बूट काढला. घासून घासून टोक फाटलं असेल, अशी मनाची तयारी करूनच. पण टोक पांढरं होतं. नको तितकं पांढरं. तिने हलकेच नख लावलं तर पापुद्रा निघाला. थरावर थर होते, आणि हा रंग तिच्या हाताला अनोळखी नव्हता.

“पोस्टर कलर आहे हा.”

“तुझाच. शाळेतली तुझी बाटली संपली, मग स्वतः आणायला लागले. तुझ्या शाळेत यायचं असलं की आदल्या दिवशी टोक रंगवून वाळत ठेवायचे. पोरीला खाली बघायला लागू नये म्हणायचे.”

म्हणजे ती दहा पावलं त्यांनी मोजली होती.

“शाळा सुटून किती वर्षं झाली, आई.”

“मग? तुझ्या ऑफिसात यायचे, घरी यायचे, तेव्हा कोण रंगवत होतं? नवी जोडी आणली तरी टोक झिजलं की तेच.” आईने बूट हातात घेतला. “हा शेवटचा हात तुझ्या वाढदिवसाचा. सकाळी तुझा फोन आला, आज नको, कामात आहे. म्हणाले, राहू दे, पुढच्या रविवारी जाऊ. रविवार कुठला उजाडायला.”

म्हणून ते टोक इतकं पांढरं होतं. त्यावर एक पाऊलही चाललेलं नव्हतं.

तिने तिथूनच संयोजकांना फोन करून एक दिवस मागितला. ते हसले. “अहो, उजव्याकडे कोण बघतंय? आहे तो झकास आहे.”

“तो बूट खोटा आहे,” ती म्हणाली. “खोटा बूट लावायचा असेल तर माझं चित्र काढून टाका.”

मग एक दिवस मिळाला.

तिने ते काम आईच्या टेबलावरच केलं, कागदावर, हाताने. आतल्या बाजूला कललेली टाच, एकाच अंगाने झिजलेला तळ, आणि सगळ्यात शेवटी टोक. बाबांनी ब्रश आडवा, घाईघाईने फिरवला होता. एका जागी हात घसरून रंग निळ्या पट्ट्यावर गेला होता. तेवढा फराटाही तिने तिथेच, तसाच काढला.

“ते पुसायचं नाही का?” आईने विचारलं.

“नाही. ते त्यांचं आहे.”

आईने बूट उचलले आणि दाराशी नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी चित्र पोचल्यावर त्याखालच्या नावाच्या पाटीसाठी संयोजकांचा फोन आला. तिने आपल्या नावाच्या आधी आणखी एक नाव सांगितलं.

“हे कोण? चित्रकार होते का?”

“लिफ्टमन होते,” ती म्हणाली. “पण रंगवायचे. माझ्यासाठी.”

आणि इतके महिने न आलेलं रडू तिला तिथे, फोनवर, परक्या माणसासमोर आलं.